बाटलीवरची दोन अक्षरं

शॅम्पेनची बाटली हातात आली की आपण काय बघतो? सोनेरी कागद, मोठ्ठं नाव आणि किंमत. (आणि किंमत बघून बाटली हळूच परत जागेवर ठेवतो.) पण लेबलाच्या अगदी खालच्या कडेला, भिंग लावून वाचावा लागेल इतक्या बारीक टायपात एक नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि त्याच्या आधी दोन रोमन अक्षरं असतात. दुकानातल्या बहुतेक बाटल्यांवर ती 'एन. एम.' असतात. मोजक्याच बाटल्यांवर 'आर. एम.' असतात.

एन. एम. म्हणजे नेगोसियाँ-मानिप्युलाँ. शेतकऱ्यांकडून द्राक्षं विकत घेऊन आपल्या नावाने वाईन बनवणारा व्यापारी. मोएत, व्हव क्लिको, बोलिंजर वगैरे आपण ऐकलेली झाडून सगळी नावं यातली. फ्रेंच लोक त्यांना 'घराणी' म्हणतात. आर. एम. म्हणजे रेकोल्ताँ-मानिप्युलाँ. स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाईन स्वतः करून स्वतःच्या नावाने विकणारा शेतकरी. त्याला बाहेरून जास्तीत जास्त ५ टक्के द्राक्षं घेता येतात, बस्स.

ही दोन अक्षरं शोधायची सवय लावली की कमी पैशात चांगली शॅम्पेन मिळण्याची शक्यता बरीच वाढते. व्यावहारिक ज्ञान एवढंच, दोन ओळींत संपतं. पण शेतकऱ्याचं नाव बाटलीवर येण्याआधी त्या भागात जे काय झालं, म्हणजे दंगली, घोडदळ, जळालेली तळघरं, ती गोष्ट मला जास्त भारी वाटते. शिवाय ती कळली की त्या किमतीमागचं गणितही आपोआप सुटतं. तर आज तीच.

मळा एकाचा, नाव दुसऱ्याचं

शॅम्पेन हा फ्रान्सच्या ईशान्येचा भाग. रँस आणि एपर्ने ही त्यातली मुख्य गावं. द्राक्षाखालची जमीन सुमारे ३४,००० हेक्टर आणि शेतकरी सुमारे १६,०००. यातली जवळजवळ ९० टक्के जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची आहे. मोठ्या घराण्यांकडे उरलेली १० टक्के. आता विक्री बघा. ७० टक्क्यांहून जास्त विक्री घराण्यांची आणि निर्यातीत तर त्यांचा वाटा ९० टक्क्यांच्या घरात. म्हणजे पिकवतो एक आणि नाव लागतं दुसऱ्याचं. आपण लिहिलेला कोड क्लायंटच्या नावाने बाजारात जातो तसंच काहीसं. ही व्यवस्था आपल्या धंद्यातल्या लोकांना समजावून सांगायची गरज नसावी!

पण हे असं का झालं? कोणी कट केला म्हणून नाही. याचं मूळ शॅम्पेन बनवण्याच्या पद्धतीतच आहे. साधी वाईन एकदा आंबते, शॅम्पेन दोनदा. आधी नेहमीसारखी वाईन करायची, मग ती बाटलीत भरून त्यात साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करायची. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि तयार झालेला वायू बाहेर न जाता वाईनमध्येच विरघळतो. मेलेल्या यीस्टचा गाळ बाटलीत तसाच ठेवून वाईन मुरवायची, मग बाटल्या फिरवत फिरवत गाळ बुचापाशी आणायचा आणि तो काढून टाकून नवीन बूच बसवायचं. आजच्या नियमाप्रमाणे साध्या शॅम्पेनलाही बाटलीत भरल्यापासून किमान १५ महिने तळघरात ठेवावं लागतं. एकाच वर्षाच्या द्राक्षांची, म्हणजे 'व्हिंटेज' असेल तर ३ वर्षं.

आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. द्राक्ष तोडलं की लगेच गाळायला हवं. बाटल्या, तळघर, कामगार यांचा खर्च आधी आणि पैसा हातात यायचा दीड-दोन वर्षांनी. एक-दोन हेक्टरवाल्याला हे कसं परवडणार? त्यापेक्षा तोडणीच्या आठवड्यात द्राक्षं घराण्याला घालून मोकळं व्हायचं. ऊस तोडून ठेवलाय आणि कारखान्याची गाडी येत नाहीये, अशा वेळी शेतकऱ्याची काय पत असते हे आपल्याकडे कुणालाही विचारा.

व्यापाऱ्याकडे मात्र थांबायची ताकद होती. १७२८ मध्ये राजा पंधराव्या लुईने ही वाईन बाटल्यांमधून वाहून न्यायला परवानगी दिली आणि लगेच पुढच्या वर्षी, १७२९ मध्ये, रुइनार हे पहिलं घराणं सुरू झालं. मोएत १७४३ चं. गंमत म्हणजे रुइनार आणि क्लिको या दोन्ही घरांचा मूळ धंदा कापडाचा! भांडवल, पेढी, परदेशातली गिऱ्हाइकं असं सगळं त्यांच्याकडे तयार होतं. क्लिको घराण्याची सून बार्ब-निकोल १८०५ मध्ये विशीतच विधवा झाली आणि तिने धंदा हातात घेऊन रशियापर्यंत नेला. 'व्हव' म्हणजे फ्रेंचमध्ये विधवा. तेव्हा हे सांगायलाच हवं की शॅम्पेन नावाला जगात किंमत मिळवून दिली ती या घराण्यांनी. गावोगावच्या वेगवेगळ्या वाईन्स आणि मागच्या वर्षांचा साठा मिसळून दरवर्षी तीच चव देणं ही त्यांचीच करामत. भांडण त्यांच्या कौशल्याबद्दल नव्हतंच. भांडण होतं ते बाटलीत नक्की कुठली द्राक्षं आहेत यावरून.

पेटीवर देवगड, आत भलताच आंबा

१८९० च्या सुमारास फिलॉक्सेरा नावाची कीड शॅम्पेनमध्ये पोहोचली. अमेरिकेतून आलेली ही सूक्ष्म कीड वेलीची मुळं खाते. तोपर्यंत तिने फ्रान्सचे बाकीचे मळे संपवत आणले होते. उपाय एकच, जुन्या वेली उपटायच्या आणि अमेरिकन खुंटावर कलम केलेल्या नव्या लावायच्या. त्याला पैसा लागणार आणि पहिली काही वर्षं पीक नाही. शेतकरी कर्जात गेला.

त्याच काळात रेल्वेमुळे फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाची द्राक्षं आणि वाईन स्वस्तात आणणं सोपं झालं होतं. काही घराण्यांनी लुआर नदीच्या खोऱ्यातली आणि दक्षिणेकडची स्वस्त वाईन आणून तिचे बुडबुडे करून 'शॅम्पेन' म्हणून विकायला सुरुवात केली. देवगड हापूस छापलेल्या पेटीत कर्नाटकातला आंबा भरून विकण्याचा जो प्रकार आपल्याकडे दर एप्रिलमध्ये चालतो, अगदी तोच हा प्रकार. कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं. शॅम्पेनवाल्यांचा हाच झगडा ११० वर्षं आधीचा.

सरकारने १७ डिसेंबर १९०८ ला शॅम्पेनची हद्द कागदावर आखली. मार्न जिल्ह्यातला बराचसा भाग आणि शेजारच्या एन जिल्ह्यातली काही गावं आत. दक्षिणेचा ओब जिल्हा बाहेर. मार्नमधले शेतकरी खूश, पण हद्द आखली तरी ती पाळली जाते का हे बघणारी यंत्रणा फार तोकडी होती. बाहेरची वाईन येतच राहिली.

आणि मग १९१० चं वर्ष आलं. थंडी, पाऊस, बुरशी यांनी पीक जवळजवळ संपवलं. कित्येक गावांत तोडणी करण्यासारखं काही उरलंच नाही. तरीही घराण्यांची तळघरं भरत होती. कशाने, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

१७ जानेवारी १९११ ला दामरी गावात शेतकऱ्यांनी बाहेरून आलेली वाईन अडवली आणि मार्न नदीत ओतली. ओव्हिले गावातही तेच. (हे ओव्हिले म्हणजे दों पेरिन्यों नावाचा साधू ज्या मठात राहायचा ते गाव. त्याने शॅम्पेनचा शोध लावला ही मात्र नंतर पसरवलेली दंतकथा.) सरकारने सैन्य पाठवलं आणि फेब्रुवारीत नवा कायदाही केला. आता शॅम्पेन आणि इतर ठिकाणच्या वाईन एकाच तळघरात ठेवायला बंदी आली.

इथे ओबवाल्यांचं डोकं फिरलं. त्यांचा जिल्हा आता नुसता कागदावर बाहेर नव्हता, तर खरोखरच बाहेर फेकला गेला. वर्षानुवर्षं हीच घराणी त्यांची द्राक्षं गुपचूप घेत होती, ते गिऱ्हाईकही गेलं. शिवाय जखमेवर मीठ म्हणजे ओबचं मुख्य शहर त्र्वा हे एकेकाळी शॅम्पेनच्या काउंटांच्या राजधानीचं शहर! म्हणजे शॅम्पेनची जुनी राजधानीच शॅम्पेनमध्ये नाही. शेतकरी रस्त्यावर आले, गावोगावच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले, कराचे कागद जाळले गेले. ९ एप्रिलला त्र्वामध्ये हजारोंचा मोर्चा निघाला.

पॅरिसमधलं सरकार घाबरलं. ११ एप्रिल १९११ ला सिनेटने हद्दीच रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. ओबमध्ये दिवाळी. पण ही बातमी तारेने मार्नमध्ये पोहोचली आणि त्याच रात्री गावागावांत धोक्याच्या घंटा वाजायला लागल्या. १२ एप्रिलला हजारो माणसं आयी नावाच्या गावात घुसली. भेसळीचा संशय असलेल्या व्यापाऱ्यांची घरं आणि कोठारं फोडली, पेटवली. बाटल्यांचे ढीग फुटले, रस्त्यांतून वाईन वाहिली. घोडदळ होतं, पण गर्दीपुढे त्याचं काही चाललं नाही. डॉट्झसारख्या घराण्यांचं त्या दिवशी अतोनात नुकसान झालं.

मला या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग हा वाटतो की दोन्हीकडचे लोक शेतकरीच होते. दोघांनाही द्राक्षाला धड भाव मिळत नव्हता. पण रेघ आखताना प्रश्न 'आत कोण, बाहेर कोण' असा मांडला गेला आणि भाव कोण ठरवतो हा प्रश्न बाजूलाच राहिला.

दंगलीनंतरचा हिशेब

जून १९११ मध्ये सरकारने ओबला 'शॅम्पेन, दुसरा विभाग' असं दुय्यम नाव देऊन वेळ मारून नेली. मग महायुद्ध आलं, आघाडी थेट या मळ्यांतूनच गेली. रँस शहर तोफांनी उद्ध्वस्त झालं. शेवटी २२ जुलै १९२७ च्या कायद्याने ओब पूर्णपणे शॅम्पेनमध्ये आला आणि बाहेरची द्राक्षं बाद झाली. १९३६ मध्ये शॅम्पेनला अधिकृत मूळस्थानाचा दर्जा मिळाला.

भावाचा प्रश्न हळूहळू एका तक्त्याने सुटला. प्रत्येक गावाला टक्के दिले गेले. दरवर्षी द्राक्षाचा किलोचा एक भाव ठरायचा. १०० टक्केवाल्या गावाला तो पूर्ण मिळायचा, ८५ टक्केवाल्याला त्याच्या ८५ टक्के. चक्क लुकअप टेबल! यातली १०० टक्क्यांची १७ गावं म्हणजे ग्रां क्र्यू. १२ एप्रिल १९४१ ला, म्हणजे आयीच्या आगीला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी, जर्मन ताब्यातल्या फ्रान्समध्ये घराणी आणि शेतकरी यांची एक संयुक्त समिती स्थापन झाली. घराण्यांकडून मोएतचे रोबेर-जाँ द व्होग्युए आणि शेतकऱ्यांकडून मोरिस द्वायार. जर्मनांपुढे एकत्र उभं राहायची गरज होती हे खरं, पण शेतकरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बरोबरीने बसला हेही खरं. ठरलेल्या भावाची पद्धत १९९० पर्यंत चालली आणि ती समिती आजही आहे.

पण भाव ठरवून घेणं वेगळं आणि बाटलीवर आपलं नाव लावणं वेगळं. दुसरी गोष्ट करणारे सुरुवातीला मोजकेच होते. दिझी गावातल्या शिके बंधूंनी १९१९ मध्ये आपल्या द्राक्षांची वाईन आपणच विकायला सुरुवात केली. १९३० च्या मंदीत घराण्यांनी खरेदी आखडती घेतली आणि द्राक्षं मळ्यातच पडून राहायची वेळ आली, तेव्हा आणखी काही कुटुंबं नाइलाजाने या वाटेला लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची संख्या वाढत गेली. सहकारी संस्थांनी गाळण्याची यंत्रं आणि तळघरं सामायिक केली, त्याने एकट्या शेतकऱ्याचा भांडवलाचा प्रश्न थोडा सुटला.

तरीही 'शेतकऱ्याची शॅम्पेन' म्हणजे घराण्याच्या शॅम्पेनची स्वस्त आवृत्ती, असाच समज होता. तो मोडला आवीझ गावच्या आँसेल्म सेलोसने. १९७० च्या दशकात बर्गंडीत शिकून तो वडिलांच्या मळ्यात परतला. त्याचं म्हणणं साधं होतं, आधी ही चांगली वाईन असली पाहिजे, बुडबुडे नंतर. त्याने कमी पीक घेतलं, मातीकडे लक्ष दिलं, लाकडी पिंपात वाईन मुरवली. १९९४ मध्ये गो-मियो या फ्रेंच मार्गदर्शिकेने त्याला देशातला सर्वोत्तम वाईनकार ठरवलं. १९९७ पासून टेरी थीस या अमेरिकन आयातदाराने अशा लहान शेतकऱ्यांच्या बाटल्या अमेरिकेत न्यायला सुरुवात केली आणि मग जगाचं लक्ष त्या दोन बारीक अक्षरांकडे गेलं.

आणि १९०८ मध्ये हाकलला गेलेला ओब? तिथली जमीन रँसपेक्षा शाब्लीच्या जमिनीला जवळची आहे आणि शाब्ली अंतरानेही फार लांब नाही. आज शॅम्पेनमधली जवळजवळ चौथाई लागवड तिथे आहे. बड्या नावांचा दबदबा कमी असल्यामुळे तरुण शेतकऱ्यांना तिथे मोकळीक मिळाली. किमतीच्या मानाने चांगल्या बाटल्या शोधायच्या असतील तर मी पहिल्यांदा तिथलंच गाव शोधतो.

आता पैशाचं बोलू

नियमाप्रमाणे ४,००० किलो द्राक्षांतून जास्तीत जास्त २,५५० लिटर रस घेता येतो. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण १.२ किलो द्राक्षं. गेल्या काही वर्षांत द्राक्षाचा भाव किलोला ६ ते ७ युरोच्या आसपास आहे. म्हणजे बाटलीतली द्राक्षं ७ ते ८ युरोची. यावर बाटली, बूच, मजुरी आणि तळघरात अडकलेला पैसा. फ्रान्समध्ये चांगल्या शेतकऱ्याची बाटली २० ते ३० युरोत मिळते, नामांकित घराण्याची साधी बाटली ४० च्या आसपास. या फरकात जाहिराती, विमानतळावरची दुकानं आणि मधले हात यांचा मोठा वाटा असतो. थोडक्यात, वरचे पैसे बरेचसे नावाचे.

पण आर. एम. दिसलं की डोळे मिटून घ्या, असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी बघाव्यात:

एक, अक्षरं नीट वाचा. 'आर. सी.' असेल तर नाव शेतकऱ्याचं, पण वाईन सहकारी संस्थेत बनलेली असते. 'सी. एम.' म्हणजे संस्थेचीच. 'एम. ए.' म्हणजे खरेदी करणाऱ्याच्या मालकीचा ब्रँड, सुपरमार्केटचा वगैरे. यात वाईट काही नाही, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

दोन, मागच्या लेबलावर गाळ काढल्याची तारीख, द्राक्षाची जात, गावाचं नाव अशी माहिती असेल तर ते चांगलं लक्षण. सांगण्यासारखं असतं तोच सांगतो.

तीन, एकाच गावची वाईन असल्यामुळे दरवर्षी चव बदलते. घराण्याकडे भरपूर गावं आणि जुना साठा असतो, शेतकऱ्याकडे नसतो. वाईट वर्षाचा फटका त्याच्या बाटलीत कळतो. कुणाला हा दोष वाटेल, मला त्यातच मजा वाटते.

चार, लहान म्हणजे स्वस्तच असं नाही. सेलोसच्या बाटल्या आज बहुतेक घराण्यांच्या बाटल्यांपेक्षा कितीतरी महाग आहेत. त्याचंही आता 'नाव' झालं ना!

महाराष्ट्रात या सगळ्याचा एक धागा आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला पायपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक मदतीने 'ओमर खय्याम' ही बुडबुड्यांची वाईन बनली आणि परदेशीही गेली. २०१३ मध्ये मोएतच्याच समूहाने दिंडोरीची 'शाँदों' बाजारात आणली. पद्धत तीच, दोनदा आंबवण्याची. पण बाटलीवर शॅम्पेन असं लिहिलेलं नाही, लिहिताही येत नाही. १९११ मध्ये ज्या नावासाठी आग लागली ते नाव आता इतकं घट्ट राखलेलं आहे. आपल्याकडच्या बाटल्यांवर द्राक्षं कोणाची आणि वाईन कोणाची हे सांगणारी दोन अक्षरं मात्र अजून नाहीत. नाशिककडचे कित्येक बागायतदार वायनरीला द्राक्षं घालतात, त्यांची नावं कोणाला माहीत असतात?

असो. तर पुढच्या वेळी ऑनसाईटला गेलात किंवा कुणी परदेशातून येताना बाटली आणणार असेल, तर मोठ्या नावाऐवजी त्या बारीक अक्षरांकडे बघायला सांगा. ती बाटली बहुधा एखाद्या अनोळखी आडनावाची असेल. त्या कुटुंबातलं कुणीतरी कदाचित १९११ च्या गर्दीत घोषणा देत उभं असेल. आडनाव नीट वाचा, उच्चार चुकला तरी चालेल. आणि मग बूच काढा. चीअर्स!